गॉल फेसचा व्हरांडा

कोलंबोच्या गॉल फेस हॉटेलातील दोघांच्या निवांत सुट्टीवरचा हा लेख आवडला. मात्र '१८६४ साली सुरू झालेले जुने हॉटेल' एवढ्या एका वाक्यात त्याची बोळवण व्हायला नको होती. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसानिमित्त आम्ही उभयता तेथे तीन रात्री राहिलो आणि खरे सांगायचे तर त्यांतील बहुतेक वेळ समुद्राकडच्या व्हरांड्यात चहा पीत, लाटा कठड्याखालच्या दगडांवर फुटताना पाहत काढला. सूर्यास्ताच्या वेळी ध्वज उतरवण्याचा छोटा सोहळा होतो, त्या वेळी बॅगपाइप वाजतो. सौभाग्यवतींना तो सूर सनईच्या जवळचा वाटला, मला मुळीच नाही! १९४२ पासून येथे नोकरी करणारे आणि २०१४ मध्ये निवर्तलेले मूळचे केरळचे द्वारपाल कुट्टन यांचा उल्लेख लेखात हवा होता, कारण पांढऱ्या मिशांचे हे गृहस्थच कित्येक पाहुण्यांच्या लेखी या वास्तूची ओळख होते.

एक दुरुस्ती सुचवतो. 'समुद्रस्नानासाठी उत्तम' हे विधान पटत नाही, कारण येथील किनारा खडकाळ असून मे ते सप्टेंबर या नैर्ऋत्य मोसमी काळात समुद्र फार खवळलेला असतो. पोहायचेच असेल, तर हिवाळ्यात कोलंबोच्या दक्षिणेकडचे बेंटोटा हे किनाऱ्यावरचे गाव गाठावे. संध्याकाळी मात्र शेजारच्या मैदानावर जाऊन 'इस्सो वडे' अवश्य खावेत. डाळवड्यावर सालासकट रुतवलेली कोळंबी, वर कांदा आणि तिखट रस्सा; हॉटेलातील जेवणापेक्षा आम्हाला तेच अधिक रुचले.