गिफ्ट पेपरात गुंडाळलेला स्प्रे

आज ऑफिसात एका मुलाच्या टेबलावर कुणीतरी गिफ्ट पेपरात गुंडाळून, वर लाल रिबन बांधून, बुटात मारायचा स्प्रे ठेवला होता. मुलगा नवीन आहे, लागून जेमतेम दोन महिने झालेत. त्याला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी चुकून आलंय. तरी उघडलं. आजूबाजूच्या सहा-सात खुर्च्यांवरून तो दाबलेला खुसखुस आवाज आला. तोही हसला. काय करणार, हसला बिचारा. मग बाटली ड्रॉवरमध्ये टाकली आणि दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. संध्याकाळपर्यंत जागचा हलला नाही. जेवायलासुद्धा उठला नाही.

ते पाय खुर्चीखाली ओढून घेणं माझ्या ओळखीचं आहे, म्हणून रात्री साडेदहाला हे टाइप करत बसलेय. तो माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये नाही. पण ज्यांनी स्प्रे ठेवला त्यांच्यातले दोघं आहेत. वाचा.

हॉस्टेलचं दुसरं वर्ष, चार जणींची खोली. एका सकाळी पलंगाखाली हात घातला तर बूट नाहीत. दार उघडलं, तर बाहेर पॅसेजमध्ये, जुन्या वर्तमानपत्रावर, अगदी नीट जोडीने ठेवलेले. वर वहीचा कागद खोचलेला, ‘मेलेला उंदीर. हात लावू नये.’ अक्षर फार सुंदर होतं. आणि मी ते ओळखलं, कारण त्याच अक्षरात माझ्या नोट्स उतरवल्या जायच्या.

पॅसेजमधून किती जणी गेल्या असतील, किती वेळ ते बूट तिथे होते, हा हिशोब मी आजही कधीकधी करते.

आता तुम्ही म्हणाल, पाय धुवायचे ना मग. हेच ते वाक्य! जगात ज्याच्या ज्याच्या पायाला वास येतो त्याला हे ऐकावं लागतं, आणि याच वाक्याने माझी दोन वर्षं वाया घालवली. धूत होते हो मी. त्या दिवसानंतर दिवसातून तीनदा धुवायला लागले. साबण, ब्रश, वर टाच घासायचा दगड. रक्त येईपर्यंत घासलंय. आणि मग घाईघाईत, ओल्याच पायांवर नायलॉनचे मोजे चढवून पाय परत त्याच बुटात. माझ्याकडे दुसरे बूट नव्हते. जितकी जास्त धुवायची, तितका वास वाढायचा. मला वाटायचं माझ्यातच काहीतरी सडलंय.

घामाला वास नसतो. परत लिहिते, कारण हे कुणालाच माहीत नसतं. पायाच्या घामाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. तो म्हणजे मुख्यतः पाणी आणि थोडं मीठ. घामाच्या ग्रंथी शरीरात सगळ्यात दाट कुठे असतील तर तळहातावर आणि तळपायावर, एका चौरस सेंटीमीटरला शेकड्यांनी. तळहात उघडा असतो, घाम वाळून जातो. तळपाय बिचारा दहा-दहा तास डब्यात बंद. तिथली जाड कातडी भिजून फुगते, पांढरी पडते, आणि त्यावर कायम वस्तीला असलेल्या जिवाणूंची चंगळ होते. घामात ल्युसिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. ते फोडून हे जिवाणू आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवतात. तो आंबूस, नाकात घुसणारा वास त्याचा. जिवाणूही काही परग्रहावरचे नाहीत. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्या कातडीवर असतो. त्या स्प्रेवाल्यांच्याही.

दुसरा एक आहे, ब्रेव्हिबॅक्टेरियम. त्याचेच भाऊबंद लिम्बर्गर नावाचं चीज मुरवायला वापरतात. म्हणजे तोच वास ताटात आला की लोक पैसे मोजून खातात. डासांनाही कळतं बरं का. मलेरिया पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलिस गॅम्बी डासाची मादी लिम्बर्गरकडे आणि माणसाच्या पायाच्या वासाकडे सारखीच ओढली जाते, हे दाखवणाऱ्या बार्ट नॉल्स आणि रुर्ड डी योंग यांना २००६ मध्ये इग नोबेल मिळालं. तेच, आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीस.

त्याआधी १९९२ मध्येही पायाच्या वासाला एक इग नोबेल मिळालंय, वास कुठल्या रसायनांचा ते शोधणाऱ्या जपानी संशोधकांना. बक्षीस देताना त्यांच्या एका निष्कर्षाचं खास कौतुक झालं. ज्यांना वाटतं आपल्या पायाला वास येतो त्यांच्या येतो, आणि ज्यांना वाटत नाही त्यांच्या येत नाही. असेल बाबा. पण मला बुटांवरचा तो कागद वाचेपर्यंत खरंच काहीही माहीत नव्हतं. नाक सततच्या वासाला सरावतं. काही माणसांना तर हे आयसोव्हॅलेरिक आम्ल जन्मतःच फारसं जाणवत नाही, बाकीचे सगळे वास व्यवस्थित येतात आणि नेमका हाच येत नाही. अशा माणसाला स्वतःहून कळणार कसं? आणि सांगणार कोण? आपण तर रिबन बांधतो.

हो, काही माणसं खरोखर घाणेरडी असतात, चार-चार दिवस तेच मोजे घालतात. मान्य. आणि नऊ तास शेजारी बसणाऱ्याचं डोकं दुखतं, तेही मान्य.

पण तो मुलगा तसा नाही. रोज इस्त्रीचा शर्ट असतो त्याचा. बूट मात्र एकच जोडी, काळे, आतून रेक्झिनचे असावेत. रोज तेच. मी पाहिलंय. दोन महिने पाहतेय आणि बोलले नाही, हे लिहिताना आत्ता लक्षात येतंय.

माझ्या गोष्टीचा शेवट असा की टाचेची कातडी सोलवटून दुखायला लागली म्हणून मी त्वचारोगाच्या डॉक्टरकडे गेले. वासाबद्दल तिथेही बोलणार नव्हते. त्या बाईंनी मोजा काढायला सांगितला आणि मी सवयीने पाय मागे ओढला. त्यांनी तो सरळ स्वतःच्या हातात घेतला. नाकाला रुमाल नाही, चेहऱ्यावर काही नाही. दिव्याखाली टाच धरून म्हणाल्या, “हे बघ.” टाचेवर आणि चवड्यावर, जिथे भार पडतो तिथे, बारीक बारीक खड्डे होते. सुईने टोचल्यासारखे. चाळणीच. पिटेड केराटोलिसिस म्हणतात त्याला. ओलाव्यात माजलेले जिवाणू कातडीतलं केराटिन नावाचं प्रथिनच विरघळवून खातात आणि वर गंधकाच्या संयुगांचा वास सोडतात. मग त्यांनी एकेका बोटाचं बेचकं उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, “पाय धुतेस खूप. पुसत नाहीस.”

एवढंच. मी तिथे खुर्चीत बसून रडले. इतकं साधं होतं ते!

लावायला एक मलम मिळालं, जिवाणू मारणारं. बाकी सगळी शिकवण कोरडेपणाची होती. धुतल्यावर प्रत्येक बेचकं टॉवेलने टिपायचं, आणि तो टॉवेल पायांपुरता वेगळा. मग पाच मिनिटं पाय उघडे ठेवायचे, लगेच मोजे नाहीत. सुती मोजे नायलॉनपेक्षा बरे, पण सुती मोजा घाम पिऊन तसाच ओला बसतो, म्हणून दुपारी बदलायचा. लोकरमिश्रित किंवा खेळाडूंचे घाम बाहेर ओढणारे मोजे मिळाले तर उत्तम. धुताना मोजे उलटे करायचे, कारण घाण आतल्या बाजूला असते, आणि कापडाला चालत असेल तर चांगल्या गरम पाण्यात.

आणि बूट. खरा गुन्हेगार तो असतो आणि शिक्षा पायाला होते. दिवसभर भिजलेला बूट एका रात्रीत आतून वाळत नाही. किमान एक अख्खा दिवस त्याला मोकळा लागतो. आतली गादी बाहेर, नाडी सैल, जीभ वर ओढलेली, वाऱ्याला. म्हणून दोन जोड्या आलटून पालटून. मोज्याशिवाय घालायच्या त्या नाजूक बंद चपट्या बुटांबद्दल तर बोलूच नका. घाम टिपायला मोजा नाही, मग सगळा गादीत मुरतो. मुलींच्या पायांना वास येत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा ती गादी उचलून पाहावी.

स्प्रेचा मला राग आहे तो याचसाठी. सुगंध मारून वास झाकला जातो, ओल तशीच राहते. दोन वास मिसळून तिसराच तयार होतो. घाम कमी करणारं औषध वेगळं. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं असतं, ते घामाच्या नळ्यांची तोंडं तात्पुरती बंद करतं. ते रात्री, पूर्ण कोरड्या पायाला लावायचं आणि सकाळी धुवायचं. कातडी चुरचुरते कधीकधी, म्हणून डॉक्टरांना विचारून. तरीही घाम थांबत नसेल तर पाण्याच्या ट्रेमध्ये पाय ठेवून सौम्य वीजप्रवाह देण्याची पद्धतसुद्धा आहे. बेचक्यात खाज सुटून कातडी फाटत असेल तर त्या चिखल्या, म्हणजे बुरशी. तिचं मलम वेगळं. मैत्रिणीचं उरलेलं लावू नका.

आणि एक. तळपायाचा घाम नुसत्या उकाड्याने येत नाही, भीतीने येतो. तळहात-तळपाय मनाच्या ताणाने घामेजतात. म्हणजे कागद खोचल्यानंतर माझ्या पायाला जास्त घाम येत होता. आज दुपारी त्या खुर्चीखाली काय चाललं असेल, करा विचार.

मघाशी खूप चिडून लिहायला घेतलं होतं. आता ती सुंदर अक्षराची मुलगी आठवतेय. एकोणीस वर्षांची होती. चार जणींच्या बंद खोलीत रोज रात्री तो वास. कसं सांगणार होती ती? कुठल्या शब्दांत? मला आजही सुचत नाहीये.

कारण खरं सांगायचं तर आज ते पाकीट उघडलं तेव्हा मीही हसले. मोठ्याने नाही, ओठ दाबून. पण त्याने माझ्याकडे पाहिलं तेव्हा ते हसू होतं माझ्या चेहऱ्यावर.

आत्ता त्याला मेसेज करत होते. तीनदा लिहून पुसला. शेवटी एवढंच पाठवलं, “तुझ्याकडे बुटांची दुसरी जोडी आहे का?”

उत्तर आलंय. “नाही मॅडम. सॉरी.”

सॉरी म्हणतोय. फोन लावते त्याला.