‘सहा पीएसआय इंजिनला कळतसुद्धा नाही’ या दाव्याला उत्तर

गाड्यांचा नाद असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेलेला एक मजकूर आहे. थोडक्यात तो असा: सुपरचार्जर म्हणजे पट्ट्यावर फिरणारा साधा हवेचा पंप. कंपनीचं इंजिन न खोलता दोन दिवसांत बसतो. ६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) बूस्ट, म्हणजे जादा दाब, इंजिनला कळतसुद्धा नाही, ताकद मात्र ४० टक्क्यांनी वाढते. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, आपोआप जुळवून घेतो, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरलं की नॉकिंगची (मिश्रण आपोआप भडकून बसणाऱ्या दणक्यांची) चिंता मिटते, आणि टर्बोसारखा एक्झॉस्टचा संबंध नसल्याने उष्णताही होत नाही.

मी इंजिनं खोलतो आणि बांधतो, हेच माझं काम. सुपरचार्जर मला मनापासून आवडतो. पाय दाबताक्षणी मिळणारी ती ओढ दुसऱ्या कशात नाही. म्हणूनच हा मजकूर पुढे पुढे जाताना पाहिला की जीव तुटतो. तो वाचून केलेली कामं शेवटी माझ्या टेबलावर सुटे भाग होऊन येतात.

‘६ पीएसआय म्हणजे ४० टक्के ताकद’

हा आकडा कुठून आला ते कळतं. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय. त्यात ६ मिळवले की २०.७, म्हणजे १.४१ पट. पण इंजिनला ताकद देते ती हवेची घनता, आणि हवा दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं तळाचं टोक हाताला चटका देतं, तोच प्रकार. ३० अंशांची हवा १.४१ पट दाबली तर अगदी आदर्श पंपातूनही ती साधारण ६१ अंशांवर बाहेर पडेल. रूट्स पद्धतीच्या (सुपरचार्जरचा एक प्रकार) पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर ८२ अंशांच्या आसपास. एवढ्या गरम हवेची घनता मूळ हवेच्या १.२ पट भरते. म्हणजे ४० टक्क्यांतले निम्मे इथेच गेले.

मध्ये हवा थंड करणारा इंटरकूलर घालून ती ५० अंशांवर आणली तर वाढ ३२ टक्क्यांच्या घरात जाते. पण ‘दोन दिवसांत बसतो’ म्हणणारे बहुतेक जण नेमका इंटरकूलरच वगळतात, कारण त्याच्यासाठी जागा करायची म्हणजे पुढचा बंपर उतरवावा लागतो. उष्णता होत नाही हा मुद्दाही या हिशेबातच निकालात निघतो.

पंप फिरवायला लागणारी ताकद कोण देतं? इंजिनचा फिरता दांडा, म्हणजे क्रँकच. दीड लिटरचं इंजिन, ६,००० आरपीएम, ६ पीएसआय. एवढी हवा दाबायला माझ्या हिशेबाने जवळपास ५ किलोवॅट लागतात, बेअरिंग आणि पट्ट्यातलं नुकसान वेगळं. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे छोटे पंखे ‘इलेक्ट्रिक सुपरचार्जर’ म्हणून विकले जातात, त्यांनाही हाच हिशेब लावून पाहा. ५ किलोवॅट म्हणजे ४०० अँपियरच्या वर. त्या बारीक वायरीतून ते जाणं शक्य नाही.

‘ईसीयू आपोआप जुळवून घेतो’

सगळ्यात जास्त इंजिनं या वाक्याने मारली आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

बूस्ट नसलेल्या अनेक गाड्यांत मॅनिफोल्डचा (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तो सुमारे १०५ किलोपास्कलपर्यंतच मोजू शकतो, कारण त्या इंजिनात त्याहून जास्त दाब कधी यायचाच नसतो. ६ पीएसआय बूस्ट आला की मॅनिफोल्डमध्ये दाब १४० च्या वर जातो. सेन्सर मात्र १०५ वरच अडकून बसतो आणि ईसीयू तेवढ्याच हवेचं पेट्रोल सोडतो. फुल थ्रॉटलला वजनाने १२.५ भाग हवेला १ भाग पेट्रोल असा मेळ बसवलेला असेल, तर २० टक्के जास्त हवा गेल्यावर तो १५ ला १ होतो. इंजिनावर सगळ्यात जास्त भार असतो त्याच क्षणी मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं.

‘पण ऑक्सिजन सेन्सर आहे ना?’ असं मला दर वेळी विचारतात. आहे, पण साधा सेन्सर मिश्रण १४.७ ला १ च्या अलीकडे की पलीकडे एवढंच नीट सांगतो, आणि फुल थ्रॉटलला बहुतेक ईसीयू त्याचं ऐकणंच बंद करतात. ज्या गाड्यांत हवा थेट मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर असतो, त्यांची स्थिती जरा बरी. तिथे हवा बऱ्यापैकी मोजली जाते, पण पेट्रोल फवारणारे इंजेक्टर कमी पडतात. ६,००० आरपीएमला क्रँकच्या दोन फेऱ्या २० मिलिसेकंदांत होतात. इंजेक्टर अखंड उघडा राहिला तरी त्याच्याकडे वेळ आहे तो एवढाच.

आणि टायमिंगचं काय? ईसीयूमधला नकाशा बिनबूस्टच्या हवेसाठी आखलेला असतो. दाबलेलं, तापलेलं मिश्रण लवकर जळतं, त्यामुळे ठिणगी उशिरा पडायला हवी. नॉक सेन्सर ठिणगी मागे घेतो हे खरं, पण नॉक होऊन गेल्यावर. घरात चोर शिरल्यावर वाजणाऱ्या घंटेच्या भरवशावर कुणी दार उघडं टाकून झोपत नाही.

माझ्याकडे आलेली एक गाडी सांगतो. बसवणाऱ्याने पंप, पट्टा, पाइप सगळं नेटकं केलं होतं, ट्यूनिंग नव्हतं. मालकाची तक्रार एवढीच, की ऑइल मोजायची डिपस्टिक सारखी वर येते आणि गाडी ओढत नाही. प्लग काढले. तीन प्लगांचं पोर्सेलिन फिकट तपकिरी, तिसऱ्या सिलिंडरचं मात्र पांढरंफटक आणि त्यावर सुईच्या टोकाएवढे चंदेरी ठिपके. बॅटरीच्या उजेडात ते चमकत होते. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. कॉम्प्रेशनचा दाब तीन सिलिंडरांत १८० पीएसआयच्या आसपास, तिसऱ्यात ७०. हेड उतरवून पिस्टन बाहेर काढला, तर वरच्या दोन रिंगांमधल्या कडेचा नखाएवढा तुकडा तुटून रिंगमध्येच अडकलेला. ज्वलनाचा गॅस तिथून क्रँककेसमध्ये उतरत होता आणि तोच डिपस्टिक वर ढकलत होता. मालक म्हणाला, ‘आवाज कधीच आला नाही.’ येणार कसा? पंपाची शीळ आणि मोकळ्या एक्झॉस्टचा गडगडाट यांत नॉकिंगची खडखड बुडून गेली होती. ती गाडी आठवली की अजून वाईट वाटतं, कारण इंजिन धडधाकट होतं.

‘जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरलं की झालं’

ऑक्टेनने नॉकिंगची सीमा पुढे सरकते, हे मान्य. पण त्याने इंजेक्टर मोठा होत नाही आणि अडकलेला मॅप सेन्सर सुटत नाही. लीन मिश्रण महागड्या पेट्रोलचं असलं तरी लीनच.

‘स्टॉक इंजिनला कळतसुद्धा नाही’

या दाव्यात थोडं तथ्य आहे आणि ते मान्य करायलाच हवं. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला सगळ्यात जाचक ठरतो तो ओढला जाण्याचा ताण, आणि तो आरपीएमच्या वर्गाने वाढतो. बूस्टने वाढतो तो मुख्यतः दाब. रेडलाइन (आरपीएमची वरची मर्यादा) तेवढीच ठेवली, तर हलक्या बूस्टमध्ये स्टॉक, म्हणजे कंपनीचेच, रॉड सहसा टिकतात. जनरल मोटर्सची एलएस मालिकेची व्ही-८ इंजिनं आतून न बदलता बूस्टवर वर्षानुवर्षं चालवणारे लोक आहेत. टोयोटाच्या टीआरडी विभागाने तर स्टॉक इंजिनांसाठी स्वतःच सुपरचार्जर किट विकले आहेत. पण अशा नीट बनवलेल्या किटमध्ये पंपाइतकंच महत्त्व पेट्रोल आणि ठिणगीच्या नव्या हिशेबाला असतं. मजकुरातून तेवढंच गळलं आहे.

कारखाना स्वतः बूस्ट देतो तेव्हा काय बदलतो, तेही पाहा. २००० च्या दशकाच्या सुरुवातीची मिनी कूपर आणि कूपर एस, दोन्हींत १.६ लिटरचं एकाच कुळातलं इंजिन. साध्या कूपरचं कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते गुणोत्तर) १०.६ ला १ आणि ताकद ११५ अश्वशक्ती. ईटनचा सुपरचार्जर असलेल्या एसचं कॉम्प्रेशन ८.३ ला १ आणि ताकद १६३. वर बॉनेटमधून हवा घेणारा इंटरकूलर आला आणि पाच गिअरच्या जागी सहा गिअरचा वेगळा गिअरबॉक्स आला. त्याआधी १९८६ मध्ये टोयोटाने ४ए-जीई इंजिनावर सुपरचार्जर चढवून ४ए-जीझेडई केलं, तेव्हा कॉम्प्रेशन ९.४ वरून ८ वर आणलं होतं. इंजिनाला काही कळलंच नसतं, तर एवढी यातायात कुणी केली नसती.

आजच्या बऱ्याच स्टॉक इंजिनांचं कॉम्प्रेशन १० ते १२ च्या दरम्यान असतं. त्यांना बूस्ट देता येतो, पण ठिणगी बरीच मागे घ्यावी लागते. ती मागे घेतली की थोडी ताकद जाते आणि एक्झॉस्ट आणखी तापतो. रिंगांच्या टोकांमधली फटही बिनबूस्टच्या उष्णतेसाठी ठेवलेली असते. पिस्टन जास्त तापून रिंग फुगली आणि टोकं एकमेकांना भिडली, की रिंगला जायला जागा उरत नाही. मग बोअरवर ओरखडे उठतात किंवा पिस्टनचं डोकं उचकटतं. क्लचचं वेगळं सांगायला नको, तो पहिल्या आठवड्यातच घसरून सांगतो.

ज्यांना हे करायचंच आहे, त्यांनी माझ्याकडे आल्यावर मी कामाचा क्रम उलटा लावतो. आधी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडरमधून दाब किती गळतो याची) तपासणी. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा कमी दाखवत असेल तर पंपाचा विषय तिथेच थांबतो. मग मिश्रणाचं नेमकं प्रमाण सांगणारा वाइडबँड सेन्सर, जास्त दाब मोजणारा मॅप सेन्सर, मोठे इंजेक्टर, गरज असेल तर पेट्रोलचा पंपही मोठा, आणि एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारे, प्लग. त्यानंतर इंटरकूलर. सुपरचार्जर सगळ्यात शेवटी चढतो, तोही मोठ्या पुलीवर, म्हणजे कमीत कमी बूस्टवर. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, पहिली ओढ मी अर्ध्या आरपीएमलाच सोडून देतो आणि प्लग काढून भिंगाखाली धरतो. पोर्सेलिनवर एकही ठिपका नसेल, तरच दुसरी ओढ.