‘बायोलॉजीत काय, रट्टा मारला की झालं’: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

परीक्षेचे दिवस आले की पालकांच्या आणि मास्तरांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरू लागतो. तो थोडक्यात असा: ‘बायोलॉजी हा पाठांतराचा विषय. बीएस्सी पहिल्या वर्षाच्या पोरांचं ज्ञान तपासायला ५० ऑब्जेक्टिव्ह प्रश्न भरपूर झाले, नीटसुद्धा (वैद्यकीय प्रवेशपरीक्षा) तशीच होते. डोकं चालवायचे प्रश्न म्हणजे खेड्यातल्या पोरांवर अन्याय, त्यांना भाषा आडवी येते. प्रॅक्टिकल परीक्षा नावालाच उरली आहे, ती बंद करा. दर आठवड्याच्या चाचण्यांत शिकवायचा वेळ वाया जातो.’

विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजांत शिकवणारेही हा मजकूर मान डोलावून पुढे पाठवतात. म्हणून त्यातलं एकेक वाक्य हातात घेऊन तपासायला हवं.

‘बायोलॉजी हा पाठांतराचा विषय’

यात खरं आहे तेवढं आधी मान्य करू. शब्दच माहीत नसतील तर विचार कशानं करणार? रायबोझोम, युग्मविकल्पी, परासरण हे पाठ असायलाच हवं, आणि पेपरात तिसरा हिस्सा त्यासाठी ठेवला तर काही बिघडत नाही. बिघडतं ते सगळा पेपर तिथेच थांबला तर. ‘नैसर्गिक निवडीचा सिद्धांत कोणी मांडला?’ याला ‘डार्विन’ असं लिहिणाऱ्या मुलाला निवड म्हणजे काय हे कळलं की नाही, ते त्या उत्तरावरून कोणालाच सांगता येत नाही.

त्याऐवजी हा प्रश्न बघा. यवतमाळ, वर्धा, अमरावतीच्या कुठल्याही मुलाला त्यातली गोष्ट ओळखीची आहे. अळी मारणारं विष झाडातच बनवणाऱ्या बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली, असं विष बनवणाऱ्या दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये आलं, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली बोंडं पोखरली. प्रश्न असा: आधी बीटी पऱ्हाटीवर (कपाशीवर) मरणारी गुलाबी बोंडअळी पुढे जगू लागली, ती का?

अ) विष खाऊन खाऊन अळ्यांच्या अंगात ते पचवायची ताकद आली आणि ती पिलांत उतरली.
ब) थोड्या अळ्यांत विष न बाधणारा जनुकीय बदल आधीच होता; बाकीच्या मेल्या आणि यांचीच पैदास वाढत गेली.
क) जगायची गरज पडली म्हणून अळ्यांनी स्वतःत बदल घडवला.
ड) पऱ्हाटीत विष तयार होणं कमी झालं.

बरोबर उत्तर ‘ब’. पण शिकवणाऱ्याच्या खऱ्या उपयोगाचे आहेत ते चुकीचे पर्याय. ‘अ’ निवडणारा मुलगा आयुष्यात कमावलेले गुण वारशानं उतरतात असं मानतो. ‘क’ निवडणाऱ्याला वाटतं की गरज पडली म्हणजे बदल होतो. दोघांची चूक वेगळी, त्यामुळे दोघांना द्यायचं उत्तरही वेगळं.

‘ड’ पर्याय मात्र जपून द्यावा लागतो. झाड जून होत जातं तसं त्यातल्या बीटी प्रथिनाचं प्रमाण खरोखरच घटतं, त्यामुळे शेतीची जाण असलेला मुलगा ‘ड’कडे वळू शकतो आणि त्याला चूक म्हणता येत नाही. म्हणून मूळ प्रश्नात एक वाक्य घालावं: ‘प्रयोगशाळेत पूर्वीइतकंच विष खाऊ घातलं तरी या अळ्या जगल्या.’ एवढ्यानं ‘ड’ खात्रीनं चूक ठरतो.

त्याला जोडून दुसरा प्रश्न: बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधं बियाणं वेगळं यायचं, ते भोवती लावायला का सांगत? साध्या झाडांवर विषाला बळी पडणाऱ्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी मीलन करतात, आणि प्रतिकाराचा जनुक अप्रभावी (दोन्हीकडून आल्याशिवाय परिणाम न दाखवणारा) असेल तर त्यांची पिलं बीटीवर मरतात. हे उत्तर कुठल्याही गाईडमधून जसंच्या तसं उचलून चालत नाही. अनुवंशशास्त्र आणि निवड ही दोन्ही प्रकरणं डोक्यात एकत्र आलेली असावी लागतात.

‘५० ऑब्जेक्टिव्ह भरपूर झाले, नीटसुद्धा तशीच होते’

नीटमध्ये १८० प्रश्न, त्यातले ९० जीवशास्त्राचे. बरोबरला ४ गुण, चुकीला १ वजा. तिचं काम वीस लाखांहून अधिक मुलांची क्रमवारी लावणं. कॉलेजच्या परीक्षेचं काम वेगळं: साठ मुलांच्या वर्गात कोणाला काय कळलं आणि पुढच्या सत्रात कुठून सुरुवात करायची, हे समजणं.

आता हिशेब. चार पर्यायांचे ५० प्रश्न आणि वजा गुण नाहीत, अशा पेपरात नुसता तुक्का मारला तरी सरासरी १२ ते १३ गुण पडतात. तुक्क्यावर २० गुण गाठून पास होणारा शंभरात एखादाच, हे खरं. खरी गफलत मधल्या मुलांची होते. ज्याला १५ प्रश्न पक्के येतात तो उरलेल्या ३५ मध्ये तुक्क्यावर आणखी आठ-नऊ मिळवतो आणि कागदावर २३-२४ दिसतो. ज्ञान ३० टक्के, गुण ४७-४८ टक्के. त्यात प्रश्न ढिसाळ असले, म्हणजे बरोबर पर्याय नेहमी सर्वांत लांब, दोन पर्याय उघडच फालतू, ‘वरीलपैकी सर्व’ म्हटलं की तेच उत्तर, तर विषयाची ओळख नसलेलाही निम्मे बरोबर आणतो. चौथा पर्याय सुचत नसेल तर तीनच द्यावेत. भरतीचा चौथा पर्याय कोणी निवडत नाही, तो वाचायला लागणारा वेळ तेवढा वाया जातो.

ऑब्जेक्टिव्ह प्रश्नांना आमचा विरोध नाही. ते तपासून न बघण्याला आहे. तपासणी साधी आहे आणि कागद-पेनानं होते. ६० उत्तरपत्रिका एकूण गुणांप्रमाणे लावा. वरच्या २७ टक्के म्हणजे १६ आणि खालच्या १६ बाजूला काढा. प्रत्येक प्रश्नाला वरच्या गटात किती बरोबर आणि खालच्या गटात किती, ते मोजा. वजाबाकी करून १६ नं भागा. वरचे १३, खालचे ५ असतील तर आकडा येतो ०.५०. हा प्रश्न जाणणारा आणि न जाणणारा यांना नीट वेगळं करतो. ०.२० च्या खाली आला तर प्रश्न दुरुस्त करा. आकडा वजा आला तर आधी उत्तरसूची बघा.

वजा कसा येतो? प्रश्न: ‘खालीलपैकी कोणत्या पेशीत केंद्रक नसतं?’ पर्याय: लोहित रक्तकणिका, चाळणी नलिकेची पेशी, यकृतपेशी, चेतापेशी. सूचीत उत्तर लोहित रक्तकणिका. पण झाडात अन्न वाहून नेणाऱ्या पक्व चाळणी नलिकेच्या पेशीतही केंद्रक नसतं. शिवाय बेडकाच्या आणि पक्ष्यांच्या लोहित कणिकांत ते असतं आणि प्रश्नात सस्तन प्राण्यांचा उल्लेखच नाही. हुशार मुलगी विचार करून चाळणी नलिका निवडते आणि गुण गमावते. ज्यानं एकच ओळ पाठ केली तो गुण मिळवतो. असा प्रश्न वर्षानुवर्षं त्याच प्रश्नसंचात फिरत राहिला तर जास्त शिकणाऱ्याला शिक्षा होत राहते.

तुक्क्याला आळा घालायचा सोपा मार्ग म्हणजे जोडप्रश्न: आधी उत्तर, मग त्याचं कारण, आणि दोन्ही बरोबर असतील तरच गुण. दोन्हींना चार-चार पर्याय असले तर तुक्क्याची शक्यता चारात एकवरून सोळात एक होते.

‘खेड्यातल्या पोरांवर अन्याय, भाषा आडवी येते’

या मुद्द्याचा आम्हाला सर्वांत जास्त राग येतो, कारण त्यातली अडचण खरी आहे आणि काढलेला निष्कर्ष उलटा. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलं अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकावर येतात आणि प्रश्न कळायच्या आधीच वाक्यात अडकतात. मग वाक्य सोपं करा, विचार कशाला सोपा करता? एका वाक्यात एकच नकार. ‘नसलेलं नाही’ असली रचना काढून टाका. पारिभाषिक शब्द दोन्ही भाषांत छापा. प्रश्नाआधी चार ओळींची परिस्थिती द्यायची असेल तर ती मराठीत द्या. उत्तर मराठी-इंग्रजी मिसळून लिहिलं तरी संकल्पनेचे गुण पूर्ण द्या, निदान अंतर्गत परीक्षेत तरी.

डोकं चालवायच्या प्रश्नांत तर या मुलांचं पारडं उलट जडच असतं. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी, मोहाचं फूल रात्री गळणं, तुरीवर फिरणाऱ्या मधमाश्या त्यांनी पाहिलेल्या असतात. शहरी पुस्तकातल्या वाटाण्याला आणि ओक वृक्षाला चिकटून बसलं की त्यांची ही पुंजी परीक्षेबाहेर राहते.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरांत माहीत आहे. त्यावरचा प्रश्न: दोघं वाहक आहेत, म्हणजे दोघांचाही जनुकप्रकार एएस (एक साधा जनुक, एक सिकलचा). पहिलं मूल एसएस (दोन्ही सिकलचे, म्हणजे आजारी). दुसरं मूल एसएस असण्याची शक्यता किती? उत्तर पुन्हा चारात एक. हमखास येणारं चुकीचं उत्तर ‘शून्य, कारण चारातलं एक झालं’. मेंडेलचं गुणोत्तर तोंडपाठ असलेली मुलंही हेच लिहितात. त्यांना गुणोत्तर येतं, पण प्रत्येक गर्भधारणेला शक्यता नव्यानं तीच असते हे उमगलेलं नसतं.

एक पथ्य मात्र कडकपणे पाळावं. असा प्रश्न नेहमी काल्पनिक जोडप्यावर असावा. वर्गातल्या मुलामुलींचे स्वतःचे रिपोर्ट, घरातला इतिहास परीक्षेत किंवा व्हायवात कधीही विचारू नये. लग्नं जुळवताना त्या माहितीचं काय होतं, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

‘प्रॅक्टिकल परीक्षा नावालाच उरली’

अनेक ठिकाणी उरली आहे, खरंच. फॉर्मॅलिनच्या त्याच दहा बरण्या, त्याच क्रमानं, आणि नावं आदल्या बॅचकडून मिळालेली. पण यावर उपाय स्पॉट, म्हणजे परीक्षेला मांडलेला नमुना, बदलण्याचा आहे.

पेशीविभाजन बघायचा कांद्याच्या मुळाचा प्रयोग घ्या. जुनी वाळकी मुळं खरवडून कांदा बाटलीच्या तोंडावर ठेवा, बूड पाण्याला टेकेल असा. दोन-तीन दिवसांत दीड-दोन सेंटिमीटरची मुळं येतात. सकाळी टोकं कापून १ भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्ल आणि ३ भाग अल्कोहोल यांत २४ तास, नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये. परीक्षेच्या दिवशी १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांवर पाच-सात मिनिटं, धुऊन ॲसिटोकारमाइन (गुणसूत्रं रंगवणारा रंग), आणि टोकाचे फक्त दोन मिलिमीटर काचेवर. हे १०० मिली सौम्य आम्ल करायला साधारण ८.३ मिली तीव्र आम्ल पाण्यात सोडावं. आम्लात पाणी कधीही ओतू नये.

इथं मुलं कुठे चुकतात त्यावरून समज दिसते. ज्यानं सेंटिमीटरभर मूळ घेतलं त्याला लांबट पेशीच दिसतात, कारण विभाजन टोकाशी चालतं. आम्लाची पायरी टाळली तर पेशी सुट्या होत नाहीत, थरांवर थर दिसतात. कव्हरस्लिप सरळ दाबायच्या ऐवजी सरकवली तर पेशी गुंडाळल्या जातात. बर्नरवर रंग उकळला तर सगळंच करपतं. म्हणून गुण पायऱ्यांना द्यावेत: टोकाची निवड १, एकेरी थर २, फोकस १, आणि १०० पेशी मोजून त्यातल्या किती विभाजनात आहेत ते लिहिणं २. मग तोंडी एकच प्रश्न: ‘सर्वांत जास्त पेशी इंटरफेजमध्ये का सापडल्या?’ दोन विभाजनांमधल्या त्या अवस्थेत पेशीचा सर्वांत जास्त वेळ जातो म्हणून, हे ज्याला सांगता आलं त्यानं स्लाइड नुसती पाहिली नाही, वाचली. सूक्ष्मदर्शक चारच असतील तर नेत्रकाचा फोटो मोबाइलवर काढून मोजणी फोटोवर घेता येते.

आणखी एक स्पॉट, ज्याला पैसे लागत नाहीत. ऑगस्टमध्ये सोयाबीनचं झाड कुदळीनं मातीसकट काढा. उपटलं तर गाठी जमिनीतच राहतात. ओल्या फडक्यात आणा आणि गाठ परीक्षेच्या वेळीच कापा, कारण उघडी ठेवली की रंग तपकिरी पडतो. आत गुलाबी असेल तर लेगहिमोग्लोबिन (गाठीतलं लालसर प्रथिन) आहे, नत्र स्थिरीकरण, म्हणजे हवेतला नत्र झाडाला मिळवून देणं, चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. प्रश्न: ‘या दोन गाठींपैकी कोणती झाडाच्या कामाची, कशावरून?’ हिवाळी परीक्षेपर्यंत सोयाबीन निघून गेलेलं असतं, तेव्हा हेच काम हरभऱ्यावर होतं.

‘चाचण्यांत वेळ वाया जातो’

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानं जास्त आठवतं ते त्यावर चाचणी दिलेल्यांना. तासाच्या सुरुवातीला मागच्या आठवड्यावर तीन प्रश्न, सहा मिनिटं, गुण नाहीत. उत्तराला चार रंगांचे कार्डबोर्डचे तुकडे वर करायचे. साधारण निम्मा वर्ग चुकला तर उत्तर लगेच सांगू नका. शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालू द्या आणि पुन्हा कार्ड वर करायला सांगा.

राहिली शेवटची तक्रार, मजकुरात नसलेली पण स्टाफरूममध्ये हमखास ऐकू येणारी: लेखी उत्तरं तपासायला वेळ कुठून आणायचा? लांबलचक उत्तरं मागूच नका. चार ओळींची जागा आखून द्या आणि गुण कशाला ते आधी ठरवा. वरूड-मोर्शी या संत्र्याच्या पट्ट्यातला प्रश्न: जंबेरीच्या (संत्र्याच्या कलमाला खुंट म्हणून लावायचं लिंबू) एका बीतून तीन रोपं आली, दोन सारखी, एक वेगळं, संत्र्याचा डोळा बांधायला रोपवाटिकेत ते वेगळं रोप का ठेवत नाहीत? एका बीत एकाहून जास्त भ्रूण असतात, १ गुण. सारखी दोन रोपं मातेच्या ऊतीतून आलेल्या भ्रूणांची, म्हणून जनुकं मातेचीच, १ गुण. वेगळं रोप फलनातून आलेलं असण्याची शक्यता जास्त, त्यात दोन्हीकडची जनुकं मिसळलेली, म्हणून खुंट एकसारखे मिळणार नाहीत, १ गुण. ‘जुळी रोपं’ एवढंच लिहिलं तर शून्य. अशी सूची शेजारी ठेवली की एक उत्तर तपासायला अर्धं मिनिट पुरतं.