रेझ्युमेमध्ये विशेषणे नकोत, काम दिसू द्या

पहिल्या नोकरीसाठी रेझ्युमे लिहायला बसलेली मुले-मुली बहुतेकदा एखादा तयार साचा उघडतात आणि त्यात 'मेहनती', 'जिद्दी', 'संघभावनेने काम करणारा' अशी विशेषणे भरत जातात. ही विशेषणे सरसकट काढून टाकावीत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ती कोणीही स्वतःविषयी लिहू शकतो आणि वाचणाऱ्याला त्यांची शहानिशा करता येत नाही.

शहानिशा करता येते ती केलेल्या कामाची. 'महाविद्यालयीन प्रकल्पात सहभाग' या ओळीतून काहीच कळत नाही. त्याऐवजी 'चौघांच्या गटात ग्रंथालयासाठी पुस्तक-नोंदणीचा प्रोग्राम तयार केला, त्यातील डेटाबेसची रचना आणि चाचणी माझ्याकडे होती' असे लिहिले, तर मुलाखत घेणाऱ्याला पुढचा प्रश्न आपोआप सुचतो आणि काम खरोखर केलेले असल्याने उमेदवाराकडे त्याचे उत्तरही असते. अनुभव नाही म्हणून खंत करणाऱ्या कितीतरी जणांनी शिकवण्या घेतलेल्या असतात, एखाद्या कार्यक्रमाचा जमाखर्च चोख सांभाळलेला असतो. मात्र हे लिहायचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते, याचे मला फार वाईट वाटते.

दुसरा मुद्दा क्रमाचा. लिओनार्दो दा विंचीने १४८२च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागण्यासाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा आजही उपलब्ध आहे. त्यात सहज वाहून नेता येणारे पूल, तोफा, वेढ्याच्या वेळी खंदकातील पाणी उपसण्याची युक्ती असे युद्धोपयोगी कौशल्य आधी येते आणि चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी, कारण समोरच्याची निकड त्याने ओळखली होती. आपणही जाहिरात नीट वाचून, त्या पदाला लागणारे काम वर आणि बाकीचे खाली, असा क्रम दर अर्जागणिक बदलायला हवा. न केलेले काम लिहिणे मात्र सर्वस्वी गैर.

नवख्या उमेदवाराला एक पान पुरते. अनेक ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअरमधून जातात आणि दोन रकाने, तक्ते किंवा चित्रात बसवलेला मजकूर त्यांना नेहमीच नीट वाचता येतो असे नाही. म्हणून पाठवण्यापूर्वी पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून पाहावा. ओळी एकमेकींत मिसळल्या किंवा फोन नंबरच गायब झाला, तर मांडणी साधी करून घ्यावी.