लिमिट ब्रेक म्हणजे फुकटची ताकद? नाही बुवा!

फायनल फँटसी या व्हिडिओ गेम मालिकेचा विषय निघाला की तिच्यातल्या लिमिट ब्रेकबद्दल, म्हणजे बहुधा मार खाऊन भरणाऱ्या बारवर सुटणाऱ्या पात्राच्या खास चालीबद्दल, एक मत हमखास ऐकू येतं: "लिमिट ब्रेक ही हरणाऱ्याला दिलेली सवलत. मार खायचा, बार भरू द्यायचा, बटण दाबून भरपूर डॅमेज काढायचं. पहिल्या भागापासून हेच चालू आहे, यात डोकं लागतंच कुठे?"

"पहिल्या भागापासून" हे तर साफ खोटं. मालिका १९८७ ची. १९९४ च्या सहाव्या भागात याचं बीज दिसतं, तेही असं: पात्राचे एचपी (जीवशक्तीचे गुण) एक-अष्टमांशाखाली गेले, की साध्या वाराच्या जागी खास हल्ला होण्याची शक्यता सोळात एक. अनेकांनी तो हल्ला एकदाही न बघता गेम संपवला असेल. लिमिट ब्रेक हे नाव आणि तो बार आले १९९७ च्या सातव्या भागात.

आता "मार खा, बटण दाब". मार खाल्ला की बार भरतो, हे खरं. पण पुढचं सांगायचं सोयीस्करपणे राहून जातं. सातव्या भागात बार भरताच मेन्यूतून साधा हल्ला गायब होतो आणि त्या जागी लिमिट येतं. ते बॉससाठी, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूसाठी, राखायचं असेल तर वाटेतल्या फुटकळ शत्रूंवर त्या पात्राने साधा वार करायचाच नाही. जादू, वस्तू, बचाव यांवर भागवायचं. म्हणजे एमपी (जादूसाठी लागणारे गुण) जळणार. लिमिटची पातळी बदलली तर भरलेला बार रिकामा. पात्रावर फ्युरी ही अवस्था लागू केली तर बार झपाट्याने भरतो, पण नेम चुकायला लागतो. उलट सॅडनेस या अवस्थेत मार कमी लागतो, पण बार रेंगाळतो. म्हणजे बार किती वेगाने भरायचा, हेसुद्धा आपणच ठरवायचं आणि त्याची किंमतही मोजायची. नायक क्लाउडचं ऑम्निस्लॅश हे पंधरा वारांचं लिमिट तर गोल्ड सॉसर या गेममधल्या करमणूक-नगरीच्या बॅटल स्क्वेअर आखाड्यात गुण साठवून विकत घ्यावं लागतं. तिथे एकामागून एक लढाया, आणि मध्ये फिरत्या चक्रातून गळ्यात पडणाऱ्या अडचणी: एमपी शून्य, मटेरिया (जादू देणारे गोळे) बंद, नाहीतर सरळ बेडूक! याला सवलत म्हणायचं?

"नुसतं डॅमेज" हाही गैरसमज. सातव्या भागातल्याच एरिथचं ग्रेट गॉस्पेल हे लिमिट शत्रूला ओरखडाही काढत नाही. सगळ्या पार्टीला (सोबत लढणाऱ्या गटाला) बरं करून काही काळ अभेद्य करतं. ऑनलाइन चौदाव्या भागात बार सगळ्या पार्टीचा एकच. टँकचं (पुढे राहून मार झेलणाऱ्याचं) लिमिट मार अडवतं आणि हीलरचं (साथीदारांना बरं करणाऱ्याचं) तिसऱ्या पातळीचं लिमिट पडलेल्या सगळ्यांना एका झटक्यात उठवतं. बॉसला संपवण्यासाठी तो बार कुणी आधीच उधळला आणि मग निम्मी पार्टी आडवी झाली, तर हीलरकडे बघून काही उपयोग नाही.

आठव्या भागापुरता (१९९९) आरोप मला अर्धा मान्य आहे. तिथे एचपी मुद्दाम कमी ठेवून नायक स्क्वॉलचं रेन्झोकुकेन हे लिमिट पुन्हा पुन्हा काढता येतं, आणि ऑरा ही जादू टाकली की एचपी कमी असण्याचीही गरज नाही. तोल गेलाय, वादच नाही. तरी ऑराशिवाय खेळणारा प्रत्येक टर्नला एका फटक्यात मरायची जोखीम घेत असतो, आणि रेन्झोकुकेनचा प्रत्येक वार अचूक क्षणी ट्रिगर दाबून वसूल करावा लागतो.

दहाव्या भागाने (२००१) तर "मार खा" ही अटच ऐच्छिक केली. ओव्हरड्राइव्हचा (तिथलं लिमिटचं नाव) बार कशाने भरायचा याचे सतरा प्रकार आहेत: मार खाऊन, मारून, साथीदारांना बरं करून, अगदी लढाईतून पळ काढूनसुद्धा. प्रत्येक पात्रासाठी वेगळा निवडा.

डोकं लागत नाही असं म्हणायचंच असेल, तर नवव्या भागातला (२०००) ट्रान्स, म्हणजे तिथला लिमिटचा अवतार, घ्या. बार भरला की तो आपोआप सुरू होतो, राखून ठेवता येत नाही, आणि नेमका बॉसच्या आधीच्या किरकोळ लढाईत, शेवटचा शत्रू मरायच्या बेतात असताना उधळला जातो. खेळाडूच्या हातातला निर्णय काढून घेतला की काय होतं, ते तिथे दिसतं. आणि त्याला सवलत म्हणणारा खेळाडू मला अजून भेटलेला नाही. शिव्या देणारे मात्र भरपूर भेटलेत.