शाळेत न येता शिक्षक होता येत नाही

आज मधल्या सुट्टीत एक तरुण स्टाफरूममध्ये आला, नमस्कार करून त्याने पिशवीतून एक फाईल काढली आणि माझ्यासमोर ठेवली. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाच्या शालेय आंतरवासितेचे, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याच्या सरावाचे, ते प्रमाणपत्र होते. सोळा आठवड्यांच्या तारखा आधीच भरलेल्या होत्या, घेतलेल्या पाठांची यादी टाईप केलेली होती आणि ‘मार्गदर्शक शिक्षक’ या शब्दांपुढे माझ्या सहीपुरती जागा तेवढी मोकळी होती. त्या सोळा आठवड्यांत हा मुलगा आमच्या शाळेच्या फाटकातून एकदाही आत आलेला नव्हता. मी सहीला नकार दिला तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे सगळेच असे करतात. जवळच्या शाळेतून सही-शिक्का आणा, असे कॉलेजनेच सांगितले आहे.” तेव्हापासून माझे डोके शांत झालेले नाही, म्हणून लिहिते आहे.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने बी.एड. एका वर्षाचे दोन वर्षांचे झाले, ते मुख्यतः याच कामासाठी. दोन वर्षांत किमान वीस आठवडे शाळेत काढायचे, आणि इतर अभ्यासक्रमासाठी हजेरी ८० टक्के चालत असली तरी आंतरवासितेसाठी ती ९० टक्के हवी, असे नियम सांगतो. म्हणजे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होते की बाकी काही थोडे सुटले तरी चालेल, पण वर्ग सुटता कामा नये. आणि आमच्याकडे नेमका तोच भाग विकायला काढला आहे. ‘नॉन-अटेंडिंग’, म्हणजे हजर न राहता पदवी, हा शब्द प्रवेशाच्या दिवसांत किती उघडपणे वापरला जातो, हे तुम्हा सर्वांना माहीत आहे. त्याचा दर वेगळा, तयार पाठ टाचणांच्या (पाठ कसा घ्यायचा याच्या आधी लिहिलेल्या आराखड्यांच्या) वह्यांचा दर वेगळा.

त्या टाईप केलेल्या यादीत ‘इयत्ता सहावी, अपूर्णांकांची बेरीज’ असा एक पाठ होता. तो वाचला आणि मला दुसऱ्या एका महाविद्यालयाकडून गेल्या वर्षी खरोखरच शाळेत आलेली छात्राध्यापिका, म्हणजे बी.एड. शिकणारी मुलगी, आठवली. तिचाही तोच पाठ होता. १/२ अधिक १/३ हे उदाहरण तिने फळ्यावर मांडले आणि एका मुलीने पुढे येऊन उत्तर लिहिले, २/५. वर्ग हसला. टाचणात या जागी ‘अपेक्षित उत्तर ५/६’ एवढेच होते, पण ही पोर थांबली आणि तिने त्या मुलीला विचारले, “हे कसे काढलेस ते सांग बरे.” मुलगी म्हणाली, “अर्धी भाकरी म्हणजे दोन तुकड्यांतला एक, तिसरा हिस्सा म्हणजे तीन तुकड्यांतला एक. सगळे मिळून तुकडे पाच आणि घेतले दोन.” छात्राध्यापिकेला पुढे काय बोलावे ते सुचेना. मागच्या बाकावर तिचे प्राध्यापक निरीक्षण वही घेऊन बसले होते. त्यांनी मध्ये तोंड घातले नाही.

शाळा सुटल्यावर ते दोघे त्याच वर्गात बसले होते आणि मी वह्या तपासत ऐकत होते. सरांनी तिला उत्तर सांगितले नाही, “त्या मुलीने पूर्ण भाकरी कशाला धरले?” एवढेच ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. दुसऱ्या दिवशी ती सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या घेऊन आली. तिने त्या मुलीला एका पट्टीचे निम्मे आणि दुसरीचे दोन पंचमांश कापायला लावले आणि दोन्ही तुकडे शेजारी ठेवायला सांगितले. दोन पंचमांशाचा तुकडा निम्म्याहून आखूड निघाला. निम्म्यात आणखी भर घातली तर उत्तर निम्म्याहून कमी कसे होईल, असे ती मुलगीच म्हणाली आणि तिने स्वतःच फळा पुसला.

हे कोणत्या वहीत विकत मिळते, ते मला कोणीतरी सांगावे.

रागाने लिहिते आहे, पण राग त्या मुलावर नाही. तो दिवसा एका गोदामात काम करतो, घरी पैसे पाठवतो. त्याने महाविद्यालयात रोज हजर राहावे असे म्हणणे मला सोपे आहे, हे मान्य करते. पदवीनंतर दोन वर्षे बिनपगारी शिकायचे, मग टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग टेट ही भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, मग पवित्र या सरकारी शिक्षक भरती पोर्टलवर जाहिरातीची वाट पाहायची, आणि इतके करून निवड झालीच तर आधी तीन वर्षे मानधनावरचा शिक्षण सेवक. हे मानधन प्राथमिकला आधी महिना ६,००० रुपये होते, २०२३ मध्ये ते वाढून १६,००० झाले. एवढ्यासाठी कोणी मनापासून शिकावे, असा प्रश्न त्याने विचारला असता तर मला पटकन उत्तर देता आले नसते. बोलताना त्याचा आवाज खाली आला होता. चहा देऊन त्याला निरोप दिला. सही दिली नाही.

राग आहे तो महाविद्यालय नावाचे दुकान उघडणाऱ्यांवर. आपल्या महाराष्ट्रात डी.एड.ची (प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेची) महाविद्यालये एवढी निघाली की त्यांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातूनच न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. आयोगाने २०१२ मध्ये अहवाल दिला, अभ्यासक्रमाची मुदत वाढवा असे सांगितले, आणि मुदत वाढलीही. मात्र मुदत वाढली तरी पोर शाळेत येते की नाही हे पाहणारे कोणी नसेल, तर एका वर्षाऐवजी दोन वर्षांचे शुल्क घेतले जाते, एवढाच बदल होतो. या संस्थांच्या दर्शनी भागात सावित्रीबाईंची तसबीर असते, ३ जानेवारीला तिला हार घालतात. ज्या बाई आधी स्वतः अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन मग मुलींच्या वर्गात उभ्या राहिल्या, त्यांच्या तसबिरीखाली बसून खोट्या हजेरीचे पैसे मोजताना यांना काहीच कसे वाटत नाही?

टीईटी आहे ना, ती गाळणी लावतेच, असे काही जण म्हणतील. परीक्षा असावी, माझा विरोध नाही. पण दीडशे बहुपर्यायी प्रश्न सोडवणाऱ्याला १/२ अधिक १/३ चे उत्तर ५/६ येणारच. २/५ लिहिणाऱ्या मुलीला काय विचारायचे, हे त्या चार पर्यायांत नसते. नर्सिंगची मुलगी वॉर्डात पाऊल न टाकता पास झाली, असे कळले तर आपण तिच्याकडून इंजेक्शन घेऊ का? मग आपल्या पोरांना वर्गाबाहेरच्या माणसाच्या हाती कसे देतो? पदवी आणि बी.एड. एकत्र असलेला चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आला आहे, पदव्युत्तर झालेल्यांसाठी पुन्हा एक वर्षाच्या बी.एड.चा मसुदा आला आहे. वर्षे चार करा नाहीतर एक करा, मागच्या बाकावर वही घेऊन बसणारा माणूस त्यात आहे का, एवढे मला सांगा.

आणि आपणा शाळावाल्यांबद्दलही बोलले पाहिजे. प्रामाणिकपणे आलेल्या छात्राध्यापकांना बऱ्याच शाळा रजेवरच्या शिक्षकाच्या तासाला उभे करतात, चाचणीचे पेपर तपासायला बसवतात, स्नेहसंमेलनात खुर्च्या मांडायला लावतात. मनुष्यबळ कमी आहे, हे खरे. तरीही हे चूकच आहे. त्या छात्राध्यापिकेला तोच वर्ग दुसऱ्या दिवशी पुन्हा मिळाला म्हणून पट्ट्या कापल्या गेल्या. रोज नवा बदली तास मिळाला असता तर ते २/५ तसेच राहिले असते.

माझ्या मित्रयादीतले निम्मे लोक शिक्षक आहेत, म्हणून उघडच विनंती करते. न आलेल्या मुलाच्या कागदावर सही करू नका, मग तो ओळखीचा असो, संस्थाचालकांचा पाहुणा असो. आलेल्याला एक वर्ग सलग द्या आणि त्याच्या पाठाला स्वतः मागे बसा. ज्यांची मुले यंदा बी.एड.ला प्रवेश घेणार आहेत, त्यांनी महाविद्यालयाला शुल्काआधी सराव शाळांची नावे विचारा, त्या शाळांत जाऊन मागच्या वर्षीची मुले खरोखर आली होती का ते विचारा, आणि नावे सांगायला कोणी टाळाटाळ केली तर तिथून परत या.