धन्याचे पाणी आणि तासभराची अट

आज सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याने एक रील पाठवली. तीत एक हसतमुख मुलगी काचेच्या पेल्यात हिरवट पाणी ढवळत सांगते की, रात्री कितीही तिखट खा, कितीही तेलकट खा, कितीही वाजता खा; सकाळी उपाशीपोटी हे धने, जिरे आणि बडीशेपेचे पाणी घेतले की सात दिवसांत ॲसिडिटी मुळासकट जाते. खाली भाच्याने लिहिले होते, "मामा, आज्जीचं पाणी फेमस झालं!" ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले. मला मात्र राग आला, आणि संध्याकाळ झाली तरी तो उतरलेला नाही, म्हणून येथे लिहायला बसलो आहे.

ज्या आज्जीचा त्याने उल्लेख केला ती माझी आई. तिच्या पाण्याची हकिगत अशी. माझे वडील मिलमध्ये तिसऱ्या पाळीला होते; रात्री बारा ते सकाळी सात. निघताना जेवून जात, मध्यरात्रीनंतर डब्यातली भाकरी आणि शेंगाचटणी, झोप येऊ नये म्हणून दोनतीन वेळा उकळून काळा केलेला चहा आणि त्यावर विडी. आमच्या गल्लीत विडीसाठी लांब जावे लागत नसे, कारण शेजारच्या चार घरांतल्या बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्याच वळत असत. सकाळी घरी आले की पुन्हा एक चहा, एक विडी, आणि लगेच आडवे. आडवे झाले की दहाव्या मिनिटाला उठून बसायचे, छातीवर हात चोळायचे, घशाशी आलेले आंबट पाणी थुंकायला मोरीकडे जायचे. हे मी लहानपणी इतक्या वेळा पाहिले आहे की, मिलमध्ये जाणाऱ्या सगळ्याच माणसांना असे होत असावे, अशी माझी समजूत होती.

आई रात्री दोन चमचे धने जरासे ठेचून तांब्यात भिजत घाली, वर पितळी झाकण ठेवी, आणि सकाळी ते पाणी गाळून खडीसाखरेचा एक खडा टाकून वडिलांच्या हातात देई. सोबत अट असे: पाणी पोटात गेल्यावर एक तास काही घ्यायचे नाही आणि अंग टाकायचे नाही, नाहीतर गुण येत नाही. वडील तो एक तास ओट्यावर पेपर वाचत बसत. महिन्याभरात त्यांची जळजळ इतकी कमी झाली की गल्लीतल्या आणखी पाचसहा घरांत तांबे झाकून ठेवले जाऊ लागले.

त्या रीलमध्ये धने आहेत, पेला आहे, पाणी आहे. तो एक तास कुठे आहे?

राग आहे तो याच गोष्टीचा. आपल्याकडच्या घरगुती उपायाला कधी नुसती वस्तू म्हणून दिलेले नव्हते. तिच्यासोबत पथ्य असे, वेळ असे, आणि ते पाळले जाते की नाही हे पाहणारे एक माणूस असे. पथ्य पाळले तर औषधाची गरज काय आणि पथ्य मोडले तर औषधाचा उपयोग काय, असे जुने वैद्य म्हणत, ते उगाच नव्हे. आता मात्र वस्तू उचलायची, पथ्य टाकून द्यायचे आणि वर "कितीही वाजता खा" अशी मुभा द्यायची, असा हा धंदा चालला आहे. हे आयुर्वेदही नाही आणि आजीचा बटवाही नाही.

मुळात होते काय, हे समजायला फार शिकावे लागत नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. अन्न खाली गेले की तिने मिटून राहायचे. जठरातले आम्ल जठराला सोसते, कारण त्याला आतून अस्तर असते. अन्ननलिकेला तसे अस्तर नाही. झडप सैल पडली की आम्ल वर येते आणि जळते. तंबाखूने ती सैल पडते, दारूने पडते, तेलकट जेवणाने पडते, आणि पोट तुडुंब भरून आडवे झाल्यावर तर तिच्यावर सगळा भारच येतो. म्हणजे वडिलांची सकाळ या झडपेच्या मुळावर उठलेली होती, आणि आईने नेमकी ती सकाळच बदलून टाकली.

धन्याच्या पाण्यात काहीच गुण नाही, असे मी म्हणत नाही. थंड आहे, चव चांगली आहे, निदान अपाय तरी करत नाही. बडीशेप चघळल्याने लाळ सुटते, आणि लाळ वर आलेले आम्ल धुऊन खाली नेते, त्यामुळे जेवणानंतर तिची चिमूट घेण्याची आपली रीत मला पटते. साळीच्या लाह्या, भिजवलेले काळे मनुके, मोरावळा, उन्हाळ्यात सब्जा, हे सगळे आमच्या घरात होते आणि अजूनही आहे. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकलेला असताना, लाह्यांचे पाणी पोटाला काय वाटते ते बाहेरगावच्या माणसाला सांगून कळणार नाही.

परंतु घरगुती आहे म्हणून निरुपद्रवी आहे, हे मात्र मी आता मान्य करत नाही, कारण त्याची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मलाही वडिलांचाच त्रास सुरू झाला. आधी थंड दूध घेतले. घोट जातो तेव्हा गार वाटते, आणि तासाभराने दुप्पट जळते, कारण दुधाने जठर आणखी आम्ल सोडते. मग लिंबूसोडा. खाण्याच्या सोड्याने आम्ल मारले जाते, वायू होतो, मोठी ढेकर येते आणि आपण बरे झालो असे वाटते. त्या सोड्यातून मिठासारखेच सोडियम पोटात जाते, हे रक्तदाबाच्या माणसाला कोणी सांगत नाही. एका स्नेह्याने पुदिन्याचा काढा सुचवला. पोट फुगले असेल तर पुदिना ठीक आहे, पण झडप तो आणखी सैल करतो, आणि ती रात्र मी खुर्चीत बसून काढली. शेवटी ज्येष्ठमधाची पूड. तिने खरोखर बरे वाटले, म्हणून सलग चार महिने घेतली. पायांवर सूज दिसू लागली, आटोक्यात असलेला रक्तदाब एकशे साठच्या वर गेला. डॉक्टरांनी विचारले, "दुसरं काही औषध घेता का?" मी म्हणालो, "नाही." खोटे बोलत नव्हतो, ज्येष्ठमधाला मी औषध समजतच नव्हतो. दोन भेटींनंतर सहज बोलता बोलता ते निघाले, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्याने शरीरात मीठ आणि पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि दाब चढतो. जुने वैद्य ते मोजून आणि मुदतीने देत; मी ते चमच्याने आणि मनाने घेत होतो. मीही वस्तू घेतली होती आणि पथ्य टाकले होते, म्हणजे त्या रीलमधल्या मुलीहून मी फारसा वेगळा नव्हतो.

हे लिहिताना राग थोडा निवळला, हे कबूल करतो.

गोळ्यांच्या बाजूनेही एक वाक्य लिहिले पाहिजे, नाहीतर माझे डॉक्टर मित्र खाली भांडायला येतील. पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या काम करतात, उत्तम करतात, आणि अन्ननलिकेला जखम झाली असेल तर त्यांच्याशिवाय सहसा भागत नाही. परंतु त्यांनाही पथ्य आहेच: ती गोळी नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची असते, आणि आपल्याकडे पुष्कळ लोक ती जेवण झाल्यावर सुपारीसारखी तोंडात टाकतात. कोणालाही न विचारता वर्षानुवर्षे घेणारेही आहेत, ज्यांचे बी-बारा हळूहळू खाली जाते. आणि एके दिवशी अचानक बंद केली की आम्ल उसळून येते, म्हणून पुन्हा सुरू करतात. शिवाय प्रत्येक जळजळ एकाच कारणाची नसते. पोटातल्या अल्सरमागे जिवाणू असतो हे दाखवण्यासाठी बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८४ मध्ये त्या जिवाणूंचे द्रावण स्वतः पिऊन स्वतःला आजारी पाडले, आणि २००५ मध्ये त्यांना व रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळाले. तशा अल्सरवर धन्याचा तांबा काय करणार? गिळताना घास अडकत असेल, वजन उतरत असेल, शौचाला काळे होत असेल, तर आजीचा बटवा बंद करून डॉक्टरकडे जावे. आणि छातीतल्या जळजळीसोबत घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर सोडा पिऊन ढेकरेची वाट पाहत बसू नये; त्या वेळी तडक हॉस्पिटल गाठावे. यावर माझा वाद नाही.

आता चटणीचा प्रश्न. ॲसिडिटीचा विषय निघाला की पुण्यामुंबईचे नातेवाईक लगेच म्हणतात, "तुमच्या त्या शेंगाचटणीनेच होतं." हे ऐकले की माझे डोके पुन्हा तापते. आईने वडिलांची चटणी कधीही तोडली नाही. दुपारच्या जेवणात कडक भाकरी, चटणीवर दही, सोबत कांदा, हे सगळे तसेच राहिले. रात्रीच्या डब्यात मात्र ती चटणीऐवजी मुगाची पातळ आमटी आणि मऊ भाकरी देऊ लागली, आणि भाकरीही तीनाची दोन झाली. शेंगदाण्यात तेल असते, ते पोटात रेंगाळते, त्यामुळे मध्यरात्री चटणी नको, एवढे मला मान्य आहे. त्यापलीकडे चटणीवर एक शब्द ऐकून घेणार नाही.

तिने आणखी एक केले होते, ते मी कितीतरी वर्षे विसरलो होतो. वडिलांच्या खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली तिने विटा लावल्या होत्या. आम्ही मुले त्या उताराच्या खाटेवरून घसरत खाली येण्याचा खेळ खेळत असू. माझ्या डॉक्टरांनी जेव्हा मला पलंगाची डोक्याकडची बाजू सहा-आठ इंच उचलायला सांगितली, नुसत्या दोन उशा घेऊ नका, त्याने पोट दुमडते, असे बजावले, आणि डाव्या कुशीवर झोपा म्हणाले, तेव्हा मला त्या विटा आठवल्या. कोणी सांगितले असेल तिला? ती चौथी शिकलेली होती.

तिच्या शेवटच्या आजारपणात मी तिला एकदा विचारले होते की, धन्यात नेमके असे काय आहे. ती हसली आणि म्हणाली, "धन्याचं काय घेऊन बसलास रे. पाण्याच्या निमित्तानं तेवढा वेळ विडी टळायची, च्या टळायचा, माणूस बसून राहायचं. नुसतं विडी ओढू नका म्हणलं असतं तर ऐकले असते का?" मी शिक्षक म्हणून तीस वर्षे नोकरी केली, हे शहाणपण मला एकाही प्रशिक्षणात मिळाले नाही.

आणि हे वाक्य टंकलिखित करताना भाच्यावरचा माझा सगळा रागच गेला, कारण एक गोष्ट सकाळपासून माझ्या लक्षात आली नव्हती. भाचा परदेशातल्या एका कंपनीचे काम घरी बसून करतो, आणि तिथला दिवस म्हणजे इथली रात्र. साडेसहाला बसतो तो पहाटे साडेतीनला उठतो. मग भूक लागते, मग मागवलेल्या बिर्याणीचे उरलेले डबे उघडतात, मग कॉफी, मग सिगारेट (ती त्याच्या आईला ठाऊक नाही असे त्याला वाटते), आणि मग आडवा. वडिलांची मिल बंद पडून किती वर्षे झाली, तिच्या भोंग्याचा आवाज ऐकलेली माणसेही आता कमी उरली; पण तिसरी पाळी आमच्या घरातून गेलेली नाही. ती रील त्याने गंमत म्हणून पाठवली नसावी. त्याला जळत असणार.

म्हणून मघाशी त्याला फोन केला. आधी म्हणाला, काही नाही, थोडी ॲसिडिटी आहे, सगळ्यांनाच असते. मग म्हणाला, रोज असते. मी त्याला पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे नेणार आहे, ते ठरले. बिर्याणी, कॉफी, सिगारेट यांचे नावही मी काढले नाही. एवढेच सांगितले की, जेवण रात्री नऊच्या सुट्टीत उरकून घे, आणि पहाटे काम संपले की आज्जीचे पाणी पी. मात्र रीलमध्ये सांगायचे राहून गेले आहे, त्यानंतर एक तास काही घ्यायचे नसते आणि अंगही टाकायचे नसते.

"काहीच नाही? कॉफीपण नाही?"

"काहीच नाही."

"का पण?"

"नाहीतर गुण येत नाही," मी म्हणालो.

तो बरे म्हणाला. धने अख्खे भिजवायचे की ठेचून, तेही विचारून घेतले. बहिणीला वेगळा फोन करून तांब्यावर झाकण ठेवायला सांगितले आहे. त्याच्या वयाची मुले फेसबुकवर फिरकत नाहीत, हे एक बरे आहे. तुमच्यापैकी कोणी हे त्याला पाठवू नका.